मनुबाईचं पेव

आपल्याकडं कशाचंही पेव फुटतं. पुढाऱ्यांचं फुटतं, संस्थांचं फुटतं, लग्नसराईत बँडवाल्यांचं फुटतं. पण ज्यांनी खरं पेव पाहिलंय त्यांना विचारा. ते सांगतील, की पेव मिटलेलंच बरं. सांगलीला लागून हरिपूर आहे, तिथली जमीनच मोठी चिवट. दोन पुरुष खोल खड्डा खणला तरी भिंत ढासळत नाही की ओल आत शिरत नाही. तोंड अरुंद, पोट मोठं, जमिनीत पुरलेल्या रांजणासारखं. आत पाचट आणि चटया लावायच्या, वाळलेली हळद ओतायची, तोंडावर फरशी ठेवायची आणि वरून माती लिंपायची. मग चार वर्षं तिकडं फिरकू नका. ना उजेड, ना वारा, ना कीड. वर ठेवलेलं हळकुंड वर्षभरात फिकं पडतं, पेवातलं मात्र आतल्या आत मुरत राहतं.

अशा एका पेवात मनुबाईची हळद सात पावसाळे पडून होती. मनुबाईला जाऊन चौथं वर्ष लागलं होतं. आणि तिचा नवरा जोतिबा, पलटणीतून हवालदार होऊन घरी आलेला, ते पेव उघडायला तयार नव्हता.

जोतिबाची वस्ती वाईच्या खाली, कृष्णेच्या काठाला. घरटी एक माणूस फौजेत, आणि शेती सगळी बायकांच्या हाती. जोतिबा-मनुबाईला मूल झालं नाही. तो वर्षाकाठी दोन महिने रजेवर यायचा, बाकीचे दहा महिने मनुबाई, नदीकाठचा मळीचा तुकडा आणि त्यातली हळद. तुकडा लहान, पण हळद अशी, की वस्तीत लग्न कुणाच्याही घरचं असो, नवरीची हळद मनुबाईच्या घरचीच लागायची आणि तिच्याच जात्यावर दळली जायची. बायका ओसरीवर जमायच्या, ओव्या म्हणायच्या, एकमेकींच्या सासवांचा उद्धार करायच्या. जोतिबाला हे रजेवर असताना दिसायचं. त्याला वाटायचं, आपली बायको मजेत आहे.

दुष्काळाच्या साली नदीची पार रेघ झाली. मनुबाईनं नदीच्या वाळूत खड्डे खणून कळशीनं पाणी घातलं आणि हळद जगवली. पीक निम्मंच आलं, पण हळकुंड मोडलं तर आत शेंदूर भरल्यासारखं दिसायचं. त्याच हंगामात जोतिबा रजेवर आला. काहिलीत हळद शिजत होती आणि मनुबाई लांब काठीनं पाला सारखा करत होती. वर न बघताच ती म्हणाली, "आवं, आता पुरं झालं. या घरी."

"बढती तोंडावर आलीया, मने," तो म्हणाला. "हवालदार हून आलो तर पेन्शन वाढंल. थोडी कळ काढ."

"बरं," ती म्हणाली, आणि काडी टोचून हळद शिजली का ते बघायला लागली.

एवढंच. उभ्या जन्मात तिनं नवऱ्याकडं मागितलं ते एवढंच, आणि पुन्हा कधी विषय काढला नाही. त्या सालची हळद तिनं विकली नाही. गाडीत घालून सांगलीला नेली आणि गंगाधरशेठ अडत्याच्या ओळखीनं हरिपुरात पेवात घातली. शेठनं विचारलं, "कधी काढायची?" तर म्हणाली, "हे घरी आलं, की."

हे घरी आले, पण तिला उशीर झाला होता. किंवा त्याला झाला होता म्हणा. श्रावणात तिला ताप भरला आणि आठवड्याच्या आत ती गेली. जोतिबा सरहद्दीवर, डोंगरातल्या चौकीवर. रस्ते पावसानं तुटलेले. तार पोचून तो निघून वस्तीवर आला तेव्हा तेरावंही उरकलं होतं. रजा संपवून तो परत गेला, आणि त्याच थंडीत नोकरी संपली. ट्रंक खांद्यावर घेऊन तो कायमचा घरी आला, दंडावर हवालदाराच्या तिन्ही फिती होत्या. त्या बघायला घरात फक्त मांजर होतं, आणि तेही शेजारच्या रंगूबाईचं.

शेतात तिनं लावलेली हळद उभी होती. पाला वाळून पिवळा पडला होता, काढणीला आली होती. जोतिबानं बाहेरगावची माणसं लावून ती खणून काढली. आता हळदीच्या काढणीची एक रीत आहे, ती हळदीच्या गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असते. खणलेल्या कांद्यातले मोठे जेठे गड्डे बाजूला काढायचे, सावलीत ढीग करून वर हळदीचाच पाला झाकायचा. ते पुढल्या सालचं बेणं. शिजवायची ती फक्त बोटं. एकदा शिजलेली हळद शंभर वर्षं रंग धरेल, पण तिला कोंब फुटणार नाही.

माणसांनी विचारलं, "हवालदार, गड्डं बाजूला काढायचं व्हय?"

जोतिबाला त्या ढिगाकडं बघवत नव्हतं. प्रत्येक कांद्याला तिचा हात लागलेला. घरात काही उरायला नको, एवढंच त्याच्या मनात होतं. तो पाठ फिरवून म्हणाला, "सगळं शिजवा."

फौजेतला हुकूम, कोण उलटून बोलणार? सगळं शिजलं. रंगूबाई बांधावरून बघत होती. तिच्या जिवाची तगमग झाली, पण दुःखातल्या माणसाला हटकायचं कसं, म्हणून ती गप्प राहिली.

अक्षय तृतीयेला वस्तीभर हळदीची लागण सुरू झाली आणि जोतिबा बेणं शोधत परसात गेला, तेव्हा त्याच्या डोक्यात उजेड पडला. तिथंच आंब्याखाली तो बसला. तिनं सासूकडून घेतलेलं, वर्षानुवर्षं निवडून निवडून राखलेलं बेणं त्यानं एका हुकमात उकडून टाकलं होतं. बी खाल्लेल्या कुणब्याला आणि बेणं शिजवलेल्या हळदवाल्याला आमच्याकडं तोंड दाखवायला जागा नसते. जोतिबानं लोकांना सांगितलं, "बेणं सडलं." लोक म्हणाले, "आसं व्हय." काहिलीवर राबलेल्या माणसांनी खरं काय ते आधीच सगळ्यांना सांगितलं होतं. वस्तीला ते ठाऊक आहे, हे एकट्या जोतिबाला ठाऊक नव्हतं.

त्यानं सांगलीच्या बाजारातून बेणं आणलं आणि हळद लावली. कुणाला काही विचारलं नाही. पलटणीत त्यानं रिकामटेकड्या पोरांचे शिपाई केले होते, मग हळद काय चीज आहे, असं त्याला वाटलं असावं. तो घड्याळ लावून पाणी द्यायचा, अगदी काढणीच्या दिवसापर्यंत. हळकुंडं फुगली, वाळवली तर सुरकुतली, आणि मोडली तर आत भाताच्या पेजेसारखी फिकट. पुढच्या साली त्यानं पाणी कमी केलं, पण शिजवली घड्याळावर. फेस कधी येतो, वास कधी सुटतो, काडी कधी आरपार जाते, हे बघायचं सोडून मनगटाकडं बघत बसला. हळद काही परेडला उभी नव्हती. जास्त शिजून ती काळसर झाली. तिसऱ्या साली शिजली नेमकी, पण अर्धी ओली असतानाच त्यानं ढीग घातला आणि आतून डाग धरला. सांगलीच्या सौद्यात, लिलावाच्या वेळी, व्यापारी त्याच्या ढिगाजवळ यायचे, एक हळकुंड मोडायचे आणि काही न बोलता दोन्ही तुकडे परत ढिगावर टाकून पुढं जायचे. शिव्या दिल्या असत्या तरी बरं वाटलं असतं.

घरी त्याहून वाईट होतं. मनुबाईचं जातं ओसरीच्या कोपऱ्यात तसंच होतं, खालच्या तळीच्या खाचांत पिवळेपणा राहिलेला. तीन लग्नसराया गेल्या, एकही बाई हळद मागायला आली नाही. वस्तीतल्या हळदी आता रंगूबाईच्या अंगणात दळल्या जात. भिंतीपलीकडून जात्याची घरघर यायची, हसणं यायचं, मधूनच ओवीत मनुबाईचं नाव यायचं. जोतिबा रेडिओ मोठा करायचा. त्याला वाटायचं, आपण मनुबाईचं बेणं राखलं नाही म्हणून बायका आपली ओसरी टाळतात. बायकांना वाटायचं, घरात बाईमाणूस नाही, आणि हवालदार तर मान ताठ करून, कुणाकडं न बघता रस्त्यानं जातो. त्याला नको असेल. दोन्हीकडं अढी, मध्ये एक भिंत, आणि ती भिंत काही फार उंच नव्हती.

संध्याकाळी दोन भाकरी थापायची त्याला सवय झाली. एक तो खायचा आणि एक सकाळी शिळी खायचा. मनुबाईनं इतकी वर्षं असंच केलं असणार, हे एकदा भाकरी मोडताना त्याच्या ध्यानात आलं, आणि त्यानं घास परत ताटात ठेवला.

तिचं म्हणून या जगात आता एवढंच उरलं होतं: हरिपुरातलं ते पेव. गंगाधरशेठ दर साली विचारायचा, "हवालदार, काढायची का?" आणि जोतिबा म्हणायचा, "ऱ्हाऊ द्या." भाव चढला तरी राहू द्या, पडला तरी राहू द्या. शेठला वाटे, माणूस बिलंदर आहे, तेजीची वाट बघतोय. जोतिबा तेजीची कसली वाट बघतोय! उघडलं, की संपलं. आत बुरशी निघाली तर तिच्या हातची शेवटची गोष्ट मातीत गेली, आणि चांगली निघाली तर बाजारात गेली. मिटलेलं होतं तोवर ती हळद त्याची वाट बघत होती. दुसरं कोण बघत होतं?

या साली तिसरं पीक घेऊन तो सौद्याला आला तेव्हा गंगाधरशेठनं त्याला बाजूला घेतलं.

"हवालदार, आता हट्ट करू नका. तुमच्या शेजारचं जुनं पेव खचलंय. तुमच्या पेवाच्या तोंडाशी भेग गेली आहे, मी स्वतः बघून आलो. पावसाचं पाणी एकदा आत गेलं की हळद कुजेल. आजच कदाचित ओल लागली असेल, कोण जाणे."

"उद्या उघडू," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं हरिपुरात गेले. पेवांचं रान म्हणजे नुसतं सपाट माळरान, वरून काही कळत नाही. इथंतिथं मातीचे उंचवटे, मध्ये बाभळी. धुळा नावाचा पेवात उतरणारा माणूस कुदळ घेऊन आला होता. त्यानं लिंपण फोडलं, फरशी सरकवली आणि आतून एक जुना, कोंडलेला उष्ण वास वर आला.

"आता लगीच कुनी वाकू नका," धुळा म्हणाला. "आत वारं न्हाई. दुपारपातूर तोंड उघडं ऱ्हाऊ द्या. मग कंदील सोडतो. कंदील जगला तर मी उतरंन."

थांबण्यापलीकडं काही करायचं नव्हतं. जोतिबा बाजूला काढलेल्या फरशीवर बसला.

"वहिनीही तिथंच बसायच्या," गंगाधरशेठ म्हणाला.

जोतिबानं मान वर केली. "कवा?"

"दर वर्षी यायच्या की. दिवाळी झाली की एक दिवस. काही काम नसायचं. तोंडाची माती बघायच्या, कुठं चीर दिसली तर हातानं लिंपायच्या. मग या फरशीवर बसून भाकरी खायच्या आणि संध्याकाळच्या एसटीनं परत. मी एकदा म्हटलं, वहिनी, एवढ्या लांब कशाला येता, मी आहे ना लक्ष द्यायला. तर म्हणाल्या, घरी तरी काय, तिथंबी एकटीच, हितंबी एकटीच. हितं निदान कायतरी आपलं हाय."

शेठ सहज बोलून गेला आणि बाभळीच्या सावलीला जाऊन बसला. जोतिबा त्या फरशीवरून हलला नाही. ऊन डोक्यावर आलं तरी हलला नाही. तिला ओसरीवर बायकांच्या घोळक्यात हसताना बघून तो दर रजेनंतर निर्धास्त गाडीत बसला होता. घोळका उठून गेल्यावरची ओसरी त्यानं कधी बघितलीच नव्हती. ती त्यानं या तीन वर्षांत बघितली.

दुपारी धुळानं दोरीनं कंदील सोडला. ज्योत थरथरली, पिवळी झाली, आणि राहिली. धुळा देवाचं नाव घेऊन उतरला. पहिली पाटी वर आली तेव्हा जोतिबानं डोळे मिटून घेतले होते.

"राखी पडलीय," शेठ हळूच म्हणाला.

खरंच, हळकुंडांवर बुरशीचा करडा थर होता, काही काळी पडून भुसभुशीत झाली होती. दुसरी पाटी तशीच. जोतिबानं एक हळकुंड उचललं, ते बोटात चुरलं. मग सगळंच गेलं, त्याला वाटलं. आपण तीन वर्षं हे कुशीत धरून बसलो, आणि आत नुसती माती होती. वेळेवर आलो असतो तर! पेवाकडं वेळेवर आलो असतो तर, आणि घरीही. त्या दोन्ही गोष्टी त्याला त्या क्षणी एकच वाटल्या आणि त्याला रडू फुटायला आलं.

"आवं हवालदार!" आतून धुळाचा आवाज घुमत आला. "रडायला लागू नगा! वरचा थर कुठल्याबी पेवात जातोच! भेगंजवळचं तेवढं खराब झालंय! खाली लय भारी माल हाय!"

तिसरी पाटी वर आली. मळकट साल, बाहेरून काहीच दिसत नव्हतं. गंगाधरशेठनं एक हळकुंड घेतलं आणि दातात धरून मोडलं. काडकन आवाज झाला. त्यानं मोडलेली बाजू उन्हाकडं केली आणि बराच वेळ निरखली. मग तुकडा जोतिबाच्या तळहातावर ठेवला. पिवळा म्हणावा तर पिवळा नाही, तांबडा म्हणावा तर तांबडा नाही. दुष्काळातलं तिचं कळशी-कळशी पाणी, मळीची माती, नेमकी शिजवणी, दगडावर वाळवताना तिनं हातानं केलेली उलथापालथ, आणि वर सात वर्षांचा अंधार, हे सगळं त्यात मुरलं होतं.

"चाळीस वर्षं धंद्यात आहे," शेठ शेवटी म्हणाला, "असा रंग फार थोड्या वेळा बघितला. हवालदार, ही हळद बाहेर राहिली असती तर एव्हाना ऊन-वाऱ्यानं खाऊन टाकली असती. वहिनींनी बरं केलं."

बरं केलं. हळदीचं बरं झालं खरं. अंधारात, एकटं पडून राहिल्यानं हळकुंडाला रंग चढतो. माणसाला काय चढतं ते जोतिबाला आता विचारा.

सौद्यात त्या हळदीभोवती व्यापाऱ्यांची झुंबड उडाली. जोतिबानं सगळी विकली, एक पोतं तेवढं ठेवलं. ते एसटीच्या टपावर टाकून तो साताऱ्यामार्गे घरी निघाला. कराडला गाडी थांबली, शेजारचा कुणी म्हणाला, "पाव्हणं, हळदीचा वास येतोय, घरात लगीन हाय काय?" जोतिबा "न्हाई" म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत राहिला.

घरी आल्यावर त्यानं पोतं ओसरीवर ठेवलं आणि त्याच्यासमोर बसला. सांगलीच्या बाजारानं तोंडात बोटं घातली अशी हळद त्याच्या ओसरीवर होती, आणि "हे बघ" म्हणून दाखवायला माणूस नव्हतं. एकटेपणाचं बाकी सगळं अंगवळणी पडतं. वाईट गोष्ट एकट्यानं गिळता येते. चांगली गोष्ट मात्र घशात अडकते. तो उठला, बसला, पुन्हा उठला. मग चार हळकुंडं सदऱ्याच्या खिशात टाकून, तीन वर्षांत पहिल्यांदा, तो रंगूबाईच्या अंगणात जाऊन उभा राहिला.

रंगूबाई म्हणजे मनुबाईची जिवाभावाची शेजारीण. तिचा नवरा बासष्टच्या लढाईतून परत आलाच नव्हता. अंगणात ती नातीच्या लग्नाचे गहू पाखडत होती. जोतिबाला बघून तिनं पदर सावरला आणि सूप खाली ठेवलं.

"या भाऊजी. आज कशी वाट चुकली?"

त्यानं एक हळकुंड पुढं केलं. रंगूबाईनं ते हातात फिरवलं, नखानं साल खरवडली, मग दातात धरून मोडलं. मोडलेल्या जागेकडं तिनं बघितलं मात्र, तिचे डोळे भरून आले.

"ही मनूची हाय," ती म्हणाली. "दुष्काळातली. उघडलं व्हय पेव?"

"तुमास्नी ठावं हुतं?"

"मला न ठावं आसून कसं चालंल? लिंपायला माती मीच चाळून दिली हुती." तिनं डोळे पुसले. "आसा रंग आता न्हाई बघायला मिळत."

"कसा मिळंल, वैनी," जोतिबा म्हणाला. "तिचं बेणंच न्हाई ऱ्हायलं. सडलं…" तो थांबला. रंगूबाई त्याच्याकडं शांतपणे बघत होती.

"भाऊजी," ती म्हणाली, "बेणं शिजलं, ते आमच्या डोळ्यांदेखत शिजलं. त्यात काय झाकायचं? दुःखात माणूस घर जाळंल, तुमी गड्डं उकडलं. पर तुमाला वाटलं तरी कसं, की मनूचं बेणं सपलं? या वस्तीत मनूकडनं बेणं न्हेलं न्हाई आसं एक घर दावा! माझ्या मळीत तिचंच, धुरपदीच्या तिचंच, खाल्ल्या आळीला समद्यांच्यात तिचंच. रंग उतरला तो तुमच्या पाण्यानं आन् घड्याळानं. इचारलं आसतं तर सांगितलं नसतं व्हय? पाला वाळायला लागला की पानी तोडायचं, हे मी बांधावरनं वरडून सांगू काय हवालदाराला?"

जोतिबा उंबऱ्यावर बसला.

"मग तीन वर्सं कुनी सांगितलं का न्हाई, वैनी?"

"न मागता बेणं देत न्हाईत. मनूच म्हनायची, न मागता दिल्यालं बेणं रुजत न्हाई." रंगूबाई उठली आणि त्याला परसात घेऊन गेली. फणसाच्या सावलीत, हळदीच्या पाल्याखाली बेण्याचा ढीग होता, आणि त्याच्या शेजारी वेगळी झाकून ठेवलेली एक मोठी पाटी. "ही मनूच्या रानाची पाटी. दर साली आमी बायका घरटी मूठ-मूठ काढून बाजूला ठेवतो. अक्षय तृतीयेपातूर वाट बघतो, हवालदार येतील, मागतील. तुमी समोरनं जायाचं, मान ताठ करून, सांगलीचं बेणं घेऊन. मग आमीच लावून टाकायचो."

जोतिबा त्या पाटीकडं बघत राहिला. गड्ड्यांना बारीक डोळे आले होते.

"लाज वाटत हुती, वैनी. कंच्या तोंडानं मागू?" तो म्हणाला. "तिनं माज्याकडं एकदाच मागितलं हुतं."

"ठावं हाय," रंगूबाई म्हणाली. "तिनं त्याच दिशी येऊन सांगितलं हुतं. काहील उतरवून तशीच आली हुती. लय रडली. मग म्हनली, येतील तवा येतील, मी पेव भरून ठेवते."

मग जोतिबानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाला, "वैनी, बेणं द्या."

"घ्या की," रंगूबाई म्हणाली, आणि पाटी उचलायला तिनं हात लावला.

दुसऱ्या दिवशी दुपारी वस्तीतल्या बायका जोतिबाच्या ओसरीवर आल्या. त्यानंच रंगूबाईला म्हटलं होतं, नातीची हळद आमच्या जात्यावर दळा, पोतं आणलंय. त्यानं सकाळपासून ओसरी दोनदा सारवली होती, तीही पलटणीतल्या बराकीसारखी, कोपऱ्यांपासून. बायका हसल्या. जात्याला नवा खुंटा ठोकला. पहिला घास पडला आणि म्हाताऱ्या बायकांनी ते पीठ बोटावर घेऊन उन्हात धरलं. मग एकीनं मनुबाईचं नाव घेऊन ओवी उचलली आणि बाकीच्यांनी धरली. जोतिबा परसात आंब्याखाली बेण्याच्या ढिगावर पाला सारखा करत बसला होता. त्यानं रेडिओ लावला नव्हता.

उन्हं कलली तशा बायका उठल्या. प्रत्येकीनं जाताना मूठभर हळद पदरात बांधून नेली. हसणं वाटेनं लांब गेलं, मग भिंतीपलीकडं गेलं, मग थांबलं. ओसरीवर जातं होतं आणि सारवलेल्या भुईवर सगळीकडं पिवळी धूळ सांडली होती, बायका बसल्या होत्या तिथं तिथं मोकळ्या जागा राहिलेल्या. जोतिबा आत आला. त्यानं केरसुणी घेतली आणि परत कोपऱ्यात ठेवून दिली.

तो जात्याजवळ बसला, तिची जागा सोडून, समोरच्या बाजूला. हाताला लागलेली हळद त्यानं झटकली नाही.

"मने," तो म्हणाला, "पेव उघडलं गं. आलो मी घरी."